किरायाच्या खोलीचं लाईट बिल: किरायेदाराला पाहू द्यायचं की नाही?

मानेवाडाकर
आमच्या वरच्या माळ्यावर चार खोल्या, चार किरायेदार. महावितरणचं मीटर एकच, घरमालकाच्या नावानं. प्रत्येक खोलीला सब-मीटर आहे आणि युनिटमागे 12 रुपये घेतात. महावितरणचं बिल दाखवा म्हटलं की एकच उत्तर, "पटत नसेल तर खोली खाली करा." माझं म्हणणं सरळ आहे. बिलाच्या नावानं पैसे घेता, तर ते बिल दाखवलंच पाहिजे.

12 रुपये जास्तच आहेत असा माझा आरोप नाही, कारण बिल पाहिल्याशिवाय ते कळणारच नाही. घरगुती विजेचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. वर जावं तसा युनिटचा दर वाढतो. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय निभत नाही. 200 वॅटचा कूलर 12 तास चालला की दिवसाचे जवळपास अडीच युनिट झाले. पंखा, लाईट धरून एका खोलीचे महिन्याला 95 युनिट समजा. स्वतंत्र मीटर असतं तर हा सगळा वापर पहिल्याच टप्प्यात बसला असता. चार खोल्यांचे मिळून होतात 380, म्हणजे त्यातले 280 युनिट वरच्या दरानं. हा बोजा आमच्या वापरामुळे नाही, मीटर एकच ठेवल्यामुळे पडतो. निदान तो किती पडला, हे तरी पाहू द्या.

नंदनवनचा घरमालक
भाऊ, एकच बाजू मांडून राहिले तुम्ही. बिलात नुसते युनिट नसतात. स्थिर आकार असते, वहन आकार म्हणजे वीज पोचवायचा खर्च असते, त्यावर 16 टक्के वीज शुल्क. पाण्याची मोटर अन् जिन्यातला लाईट कोणाच्याच सब-मीटरवर येत नाही. त्यामुळे सब-मीटरची बेरीज मेन मीटरशी जुळत नाही, अन् बिल दाखवलं की दर महिन्याला चौघांशी वाद. त्यापेक्षा एक दर ठरवला, खोली देतानाच सांगितला, तुम्ही हो म्हटलं. मेसवाला ताटाचे पैसे घेते, किराण्याची चिठ्ठी दाखवते का?

अन् थकबाकीचं काय? मागच्या उन्हाळ्यात दोन पोरांनी कूलर रात्रंदिवस चालवला अन् परीक्षा झाल्यावर न सांगता निघून गेले. महावितरण त्यांना शोधायला नाही जात, माझ्या दारी येते. ते पैसे मीच भरले.

महालचा वकील
"दर सांगितला, हो म्हटलं" हे सिद्ध कशानं करणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तोंडी बोलीवर खोल्या देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कलम 26 प्रमाणे जागेपोटी घेतलेल्या रकमेची लेखी पावती द्यावी लागते. आणि भांडण झालं म्हणून फ्यूज काढून नेणाऱ्यांसाठी कलम 29 आहे. पुरेशा कारणाशिवाय वीज-पाणी तोडता येत नाही.

प्रतापनगरची मालकीण
वकीलसाहेब, बहुतेक करार अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात राहणारा परवानाधारक असतो. भाडेकरूची सगळी कलमं त्याला जशीच्या तशी लागत नाहीत, हेही सांगायला हवं होतं. आमचं बिल अजून माझ्या दिवंगत पतींच्या नावावर आहे. घरातला असा कागद दर महिन्याला परक्यांच्या हातात का द्यावा? कोणी म्हणेल, मग प्रत्येकाला स्वतंत्र मीटर द्या. उद्या तेच मीटर दाखवून कोणी ताबा सांगितला तर कोर्टात आम्हीच खेटे घालायचे. ही भीती खरी आहे.

मानेवाडाकर
ताई, ती भीती मला समजते. वीज कायदा, 2003 च्या कलम 43 मध्ये मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते. पण तुमची ना-हरकत नसताना त्या वाटेनं गेलं की दुसऱ्या महिन्यात खोली जाते, म्हणून कोणी जात नाही. ताब्याच्या काळजीनं तुम्ही मीटर एकच ठेवता, ठीक आहे. मग त्या एका मीटरचं बिल तरी उघडं ठेवा. त्यात असतं काय? नाव, पत्ता, मागचं-चालू रीडिंग, रक्कम, थकबाकी. नाव झाकून फोटो पाठवा, माझी काही हरकत नाही.

नंदनवनचे काका, मेसवाला भात तोलून पैसे घेत नाही. तुम्ही दर महिन्याला सब-मीटरचं रीडिंग घेऊन युनिट मोजता. मोजून घ्यायचं असेल तर मोजमाप दोन्ही बाजूंना दिसलं पाहिजे. उक्तं घ्यायचं असेल तर किरायातच धरा आणि सब-मीटर काढा.

धरमपेठ पेइंग गेस्ट
आमच्या काकूंनी पहिल्याच दिवशी 12 आकडी ग्राहक क्रमांक देऊन टाकला. बिल महावितरणच्या साइटवर आम्हीच पाहतो. रीडिंगच्या दिवशी मेन मीटर आणि पाचही सब-मीटरचे फोटो काकू आमच्या ग्रुपवर टाकतात. मोटर आणि जिन्याचा जो फरक येतो, तो सगळ्यांत सारखा वाटला जातो. मोटर खराब झाली तेव्हा फरक एकदम वाढला आणि तो आम्हालाच आधी दिसला. काकूंचा त्यात फायदाच झाला.

नंदनवनचा घरमालक
फोटो टाकायला माझी ना नाही. बिलही दाखवीन. पण मग लाईटचं दोन महिन्यांचं डिपॉझिट वेगळं लागेल, अन् फरकाची वाटणी सगळ्यांना मान्य पाहिजे. हिशेब पाहायचा हक्क पाहिजे तर पळून जाणाऱ्याचा बोजा माझ्या एकट्यावर नको.

मानेवाडाकर
डिपॉझिट मान्य. पण ते, ग्राहक क्रमांक आणि फरकाची वाटणी, तिन्ही गोष्टी करारात लिहा. खोली सोडताना शेवटचं बिल वजा करून डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही लिहा. प्रतापनगरच्या ताईंनीही हेच करावं. अकरा महिन्यांच्या करारात हे लिहायला कोणताच कायदा आडवा येत नाही.