खाडीत गरवायला रील कोणतं घेऊ? स्पिनिंग की बेटकास्टर (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मासे गरवायला (गळाने पकडायला) रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, घ्यायचंय आणि डोकं पार भंजाळलंय, जाणकारांनी जरा सांगा.

चिपळूणला वाशिष्ठीवर आणि खाली दाभोळ खाडीत गरवतो, आजवर हातदोरीच, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गरीला जिवंत कोळंबी. पालू, शेंगाळे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिताडा आणि तांबोशी बसतात समोरच्या कडेला कांदळवनाच्या मुळांशी, तिथवर हातदोरी पोचत नाही, आणि पाण्यात उतरून चार पावलं पुढे जावं तर वाशिष्ठीत मगरी, म्हणजे तो विषयच संपला. काठावरूनच लांब टाकायचंय.

दुकानदार म्हणतो जिताड्याला बेटकास्टरच पाहिजे. मित्र म्हणतो गप स्पिनिंग घे. ऑनलाइन बघितलं तर ते स्पिनकास्ट, पुढे टोपण असलेलं, बटण दाबा आणि टाका, सगळ्यात स्वस्त तेच. रॉड-रील मिळून सात-आठ हजारांपर्यंत जाईन. मी डावखुरा आहे, त्याने फरक पडतो का? पावसाळ्यात मरळीलाही तेच चाललं तर बरं. गिअर रेशो ५.२:१ की ६.२:१, बेअरिंग किती, यातलं काहीच कळत नाही. आणि मनापासून सांगतो, मोठा मासा दोरी तोडून तोंडात गरी घेऊन गेला की फार जिवाला लागतं, त्यामुळे तसं होणार नाही असंच काहीतरी सुचवा.

खाडीवेडा:
दादा, डोळे झाकून स्पिनिंग घ्या, ४००० साइज. कारण तुमची कोळंबी. ती हलकी, आणि बेटकास्टरचा स्पूल (दोरी गुंडाळलेला भाग) फिरवायला आमिषात वजन लागतं. हलकं आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र फिरतच राहतो, मग असा गुंता होतो की ओहोटी लागेपर्यंत सोडवत बसाल. स्पिनिंगचा स्पूल टाकताना जागचा हलतच नाही, दोरी कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते, म्हणून हलकं आमिषही लांब जातं, वारा तोंडावर असला की तर फरक फारच कळतो. डावखुऱ्यांना तर हेच सोयीचं, हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टर डावं की उजवं ते घेतानाच ठरवायचं, नंतर बदलत नाही. स्पिनकास्टचा विचार सोडा, दोरी कमी मावते, आणि टोपणाच्या आत खारं पाणी सुकलं की संपलं. ४००० हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो हं, शिमानो घ्या, दाइवा घ्या नाहीतर पेन, किती जाडीची दोरी किती मीटर मावते ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

मरळ_उजनी:
दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. उजनीच्या बॅकवॉटरला मी मरळीला रबरी बेडूक टाकतो तो बेटकास्टरनेच. शेवाळातल्या हातभर फटीत टाकायचं असतं, अंगठा स्पूलवर ठेवून बरोबर क्षणी दाबला की बेडूक तिथेच पडतो, हे सुख दुसऱ्या रीलला नाही. जाड दोरीही घेतं, आणि दोरी सरळ गुंडाळली जाते, स्पिनिंगसारखी रोलरवरून काटकोनात वळत नाही, म्हणून ओढायला दमदार वाटतं. पण अंगठा बसायला वेळ द्यावा लागतो, आमिष बदललं की स्पूल आवरणारे ब्रेक आणि टेन्शन नॉब परत लावा. पहिलंच रील आणि कोळंबी म्हणताय तर मीही स्पिनिंगच सांगेन, मरळ त्यावर आरामात येते. फक्त रॉड त्याच जातीचा बघा. स्पिनिंग रॉडच्या कड्या खालच्या बाजूला आणि पहिली कडी मोठी असते, बेटकास्टिंगच्या वर आणि लहान, शिवाय मुठीला बोट अडकवायला ट्रिगर. ऑफरमध्ये एकाचा रॉड दुसऱ्याच्या रीलला जोडून देतात, तिथे फसू नका.

देवगडकर:
बेअरिंगांचो आकडो बघून भुलू नकोस रे बाबा. स्वस्त रीलवर १२ बेअरिंग लिहिलेले असले तरी खाऱ्या पाण्यात ते सगळे गंजायलाच असतात, थोडे पण चांगले असलेले बरे. ५.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (दोरी स्पूलवर गुंडाळणारा भाग) पाचहून थोडा जास्त फिरतो, कोळंबी टाकून बसणाऱ्याला तेवढं पुरे. पॉपर (पाण्यावरचं नकली आमिष) भराभर ओढणाऱ्याने ६.२ घ्यावं. आणि घरी आल्यावर ड्रॅगचा (मासा किती जोराने ओढल्यावर दोरी सुटेल ते ठरवणारा) नॉब घट्ट करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं, जोरात नळाखाली धरायचं नाही, मीठ आत जातं. सुकलं की नॉब परत सैल, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. एवढं केलंत तर रील वर्षानुवर्षं टिकतं.

(धागाकर्ता):
सगळ्यांचे मनापासून आभार, स्पिनिंग ४००० आणि ८ फुटी रॉड नक्की. दोरी २० एलबी (पौंड ताकदीची) ब्रेड, म्हणजे विणलेली, टाकतोय. ड्रॅग किती ठेवू? माझी भीती तिथेच आहे.

खाडीवेडा:
२० एलबी म्हणजे ९ किलो, त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३ किलोच्या आत. हाताने अंदाज घेऊ नका, दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा, ३ ला दोरी सुटायला लागली पाहिजे. स्पूलवर आधी थोडी तंगूस भरून मग ब्रेड, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते. आणि पुढे हातभर जाड लीडर (गरीआधीचा दोरीचा तुकडा) हवाच, ४० एलबी तरी. जिताड्याच्या कल्ल्यांची कड इतकी धारदार असते की ब्रेड क्षणात जाते, आणि मुळांवरची कालवं उरलेलं काम करतात. तुटतं ते बहुतेक वेळा इथेच, रीलमुळे नाही. मासा दोरी ओढत असेल तेव्हा हँडल फिरवू नका, दोरीला पीळ पडतो. तो थांबला की रॉड उचला, मग खाली नेताना गुंडाळा.