महानगर वाढले की त्याची सांस्कृतिक विविधताही वाढतेच का?

प्रश्न

मोठ्या महानगर प्रदेशांविषयीच्या लेखनात दोन विधाने नेहमी जोडीने येतात. लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे, आणि त्यामुळे सांस्कृतिक विविधताही वाढते आहे. या दोहोंना जोडणारा ‘त्यामुळे’ हा शब्द मला बराच काळ खटकतो आहे. टोकियो हे बराच काळ जगातील सर्वांत मोठे महानगर मानले गेले, तरी तेथे परदेशी रहिवाशांचे प्रमाण आजही थोडकेच आहे. टोरांटोचा महानगर प्रदेश आकाराने त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा आहे, पण २०२१ च्या कॅनेडियन जनगणनेनुसार तेथील सुमारे ६२ लाख लोकांपैकी जवळपास ४७ टक्के लोक परदेशातून येऊन स्थायिक झालेले आहेत. म्हणजे आकार आणि विविधता यांचा थेट संबंध नाही, हे उघड आहे.

माझी शंका त्यापुढची आहे. एकाच शहराचा काळानुसार विचार केला, तर लोकसंख्येची वाढ हे विविधतेचे कारण ठरते का, की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कशाचे तरी परिणाम असतात? शिवाय ‘या शहरात अमुक इतक्या भाषा बोलल्या जातात’ अशा वाक्यांना मोजमाप म्हणून काही किंमत आहे का? जाणकारांनी लिहावे. स्थलांतर चांगले की वाईट, हा वाद येथे नको. त्यासाठी इतर धागे भरपूर आहेत.

प्रतिसाद १

आधी ‘वाढ’ या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते. मृत्यूंपेक्षा जन्म अधिक झाले, जाणाऱ्यांपेक्षा येणारे अधिक झाले, किंवा शहराची हद्दच पुढे सरकली. तिसऱ्या वाटेकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळेच होतो.

आपण दिलेले टोकियोचे उदाहरणच घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या आकडेवारीत ३ कोटी ७० लाखांचे टोकियो पहिले होते आणि जाकार्ता एक कोटीच्या आसपास, यादीत बरेच खाली होते. २०२५ च्या आवृत्तीत जाकार्ता जवळपास ४ कोटी २० लाखांनिशी पहिल्या स्थानी आले, ढाका दुसऱ्या, आणि टोकियो ३ कोटी ३० लाखांवर तिसऱ्या स्थानी गेले. मधल्या सात वर्षांत तीन कोटी माणसे जाकार्तात राहायला गेली नाहीत. प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने आखलेली हद्द मानण्याऐवजी दाट वस्तीचा सलग पट्टा हाच निकष सर्व देशांना लावला गेला, त्यामुळे बोगोर, देपोक, तांगेरांग, बेकासी अशी भोवतालची शहरे एकाच आकड्यात आली. टोरांटोतही १ जानेवारी १९९८ रोजी सहा नगरपालिकांचे एकत्रीकरण झाले आणि साडेसहा लाखांचे शहर एका दिवसात सुमारे चोवीस लाखांचे झाले. अशा वाढीने विविधतेचा आकडाही बदलतो, कारण आता कोणते लोक ‘आपल्यात’ मोजायचे हे बदललेले असते. प्रत्यक्षात कोणीही घर बदललेले नसते.

जन्मांमुळे होणारी वाढ विविधतेच्या दृष्टीने बहुधा तटस्थ असते. आहेत त्याच कुटुंबांत मुले जन्मली तर नवा गट तयार होत नाही, फक्त गटांचे आपसातील प्रमाण हळूहळू सरकते. मात्र स्थलांतर करून येणारे प्रामुख्याने तरुण असल्यामुळे आजचे स्थलांतर उद्याच्या जन्मांतही दिसते, आणि म्हणून या दोन वाटा कागदावर जितक्या वेगळ्या दिसतात तितक्या त्या प्रत्यक्षात नसतात.

स्थलांतराबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, ती म्हणजे निव्वळ आकडा फसवा असतो. टोरांटो महानगर प्रदेश २०१६ ते २०२१ या काळात सुमारे पावणेतीन लाखांनी, म्हणजे ४.६ टक्क्यांनी वाढला. हा आकडा मुळीच डोळे दिपवणारा नाही. पण त्याच काळात तेथून आँटारियो प्रांताच्या इतर भागांत जाणाऱ्यांची संख्या तिकडून येणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक होती, आणि ती घट भरून काढून वर वाढ दाखवण्याचे काम परदेशातून आलेल्यांनी केले. वाढ लहान, पण माणसांची अदलाबदल मोठी. विविधता ठरते ती या अदलाबदलीने.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, आणि त्यातील शेवटचा मुद्दा आणखी पुढे नेता येतो. लोकसंख्या घटत असतानाही विविधता वाढू शकते, आणि याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण लंडन आहे.

१९३९ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे ८६ लाख होती. युद्धातील बॉम्बहल्ले, १९४६ च्या कायद्याने राजधानीभोवती वसवलेली नवी शहरे, आणि पुढे बंद पडत गेलेल्या गोद्या व कारखाने यांमुळे ती चार दशकांहून अधिक काळ उतरत राहिली आणि १९८० च्या दशकात ७० लाखांच्या खाली गेली. आता याच दशकांचा दुसरा पट पाहा. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरील लोकांना घेऊन आले. १९५६ पासून लंडनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने थेट बार्बाडोसमध्ये जाऊन कर्मचारी भरती केले. भारतीय उपखंडातून आणि सायप्रसमधून लोक आले. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली आशियाई कुटुंबे आली. आजच्या बहुरंगी लंडनचा पाया शहर आकसत असताना घातला गेला, आणि मला तर वाटते की आकसण्यामुळेच तो घालता आला. जुने रहिवासी बाहेर पडल्याने मध्यवर्ती भागांतील जुनी घरे भाड्याने मिळू लागली, आणि बस, रेल्वे व रुग्णालये यांतील ज्या नोकऱ्यांकडे स्थानिकांनी पाठ फिरवली होती त्यांना माणसे हवी होती. शहराने १९३९ ची पातळी पुन्हा ओलांडली ती थेट २०१५ मध्ये. २०२१ च्या जनगणनेत ८८ लाखांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक ब्रिटनबाहेर जन्मलेले आढळले. लोकसंख्येचा आलेख खाली जाऊन वर आला. विविधतेचा मात्र या सर्व काळात वरच जात राहिला.

उलट दिशेचे उदाहरण किन्शासाचे. दीड कोटींहून मोठ्या झालेल्या या महानगरात काँगोच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो भाषा बोलणारे लोक आले. शहर मुळात किकोंगो भाषिकांच्या प्रदेशात वसलेले आहे, तरी तेथे जम बसला लिंगालाचा. ही नदीकाठच्या व्यापाराची, फौजेची आणि पुढे लोकप्रिय संगीताची भाषा. आईवडील वेगवेगळ्या भाषांचे असले की घरात तिसरीच भाषा सोयीची ठरते आणि मुले तीच पहिली म्हणून शिकतात. म्हणजे महानगर वाढत असताना त्यातील भाषिक विविधता पिढीगणिक विरतही जाऊ शकते. जाकार्तात इंडोनेशियन भाषेने जावानी आणि सुंदानी कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत बरेचसे हेच केले आहे.

म्हणून माझे मत असे की ‘त्यामुळे’ हा शब्द काढून टाकावा. दोन्ही गोष्टींमागे रोजगार, घरांची उपलब्धता आणि कायद्याने उघडलेली किंवा बंद केलेली दारे ही कारणे असतात. कॅनडाने १९६७ मध्ये स्थलांतरितांच्या निवडीसाठी वंशनिरपेक्ष गुणपद्धती आणली नसती, तर टोरांटो कदाचित याच वेगाने वाढले असते, पण त्याचा चेहरा नक्कीच निराळा असता.

प्रतिसाद ३

जाकार्ताविषयी एक पुरवणी. भाषा विरली म्हणजे विविधता संपली, असे लगेच मानू नये. त्याच शहरातील बेतावी हा समाज डच काळातील बटाव्हियात, म्हणजे तेव्हाच्या जाकार्तात, बाली, जावा, सुलावेसी, चीन, अरबस्तान अशा ठिकाणांहून आलेल्यांच्या मिश्रणातून घडला, आणि आज तो जाकार्ताचा मूळ समाज म्हणून ओळखला जातो. महानगर जुन्या ओळखी विरघळवते तशा नव्याही घडवते. फक्त त्या घडण्यास शे-दीडशे वर्षे लागतात आणि तोवर जनगणनेच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

प्रश्नकर्त्याकडून

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. लंडनचा लोकसंख्या-उतार मला ठाऊक होता, पण त्याची सांगड या बाजूने घालावी हे सुचले नव्हते. मोजमापाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. भाषांची संख्या सांगणाऱ्या वाक्यांचे काय करायचे?

प्रतिसाद ४

त्या वाक्यांचा उपयोग पर्यटनाच्या माहितीपत्रकापुरता आहे, असे मी थोडे कठोरपणे म्हणेन. दोन शहरांची तुलना करू. पहिल्यात दहा भाषिक गट आहेत, पण त्यांतील एक गट ९१ टक्के आणि उरलेले नऊ प्रत्येकी एक टक्का आहेत. दुसऱ्यात दोनच गट आहेत, मात्र निम्मे-निम्मे. यदृच्छेने निवडलेल्या दोन व्यक्ती वेगळ्या गटांतील असण्याची शक्यता पहिल्या शहरात सुमारे ०.१७ येते आणि दुसऱ्यात ०.५. रोजच्या व्यवहारात भिन्न भाषेचा माणूस भेटण्याच्या दृष्टीने दोन भाषांचे शहर दहा भाषांच्या शहरापेक्षा अधिक विविध ठरते. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ मध्ये भाषिक विविधतेसाठी सुचवलेला निर्देशांक याच कल्पनेवर उभा आहे.

परंतु निर्देशांक कितीही नेटका असला तरी त्यात घालायचे गट कोण ठरवते, हा प्रश्न राहतोच. फ्रान्सच्या जनगणनेत जन्मदेश आणि राष्ट्रीयत्व विचारले जाते, वंश किंवा धर्म विचारला जात नाही. त्यामुळे पॅरिस आणि लंडन यांची या बाबतीत समोरासमोर तुलना करताच येत नाही. इंडोनेशियाने १९३० नंतर वांशिक ओळखीचा प्रश्न पुन्हा विचारला तो २००० मध्ये. सर्वांत बोलका अनुभव कॅनडाचा आहे. २०१६ च्या प्रश्नपत्रिकेत वांशिक मूळ विचारताना उदाहरणांच्या यादीत ‘कॅनेडियन’ हा शब्द छापलेला होता आणि देशातील जवळपास ३२ टक्के लोकांनी ते उत्तर दिले. २०२१ मध्ये छापील उदाहरणे काढून टाकली गेली आणि हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले. पाच वर्षांत लोकांचे पूर्वज बदललेले नसतात. ज्यांना वंशविषयक तक्त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय आहे, त्यांनी हे आकडे जवळ बाळगावेत.

दुसरी अडचण पातळीची आहे. संपूर्ण महानगर प्रदेशाचा निर्देशांक उच्च असूनही त्यातील एकेक उपनगर तितके मिश्र नसू शकते. अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ मध्ये शिकागोवरून जी मांडणी केली, तिच्यात नवागत मध्यभागातील स्वस्त वस्तीत उतरतो आणि सुस्थिती येईल तसा बाहेरच्या वर्तुळांकडे सरकतो. आज अनेक ठिकाणी नवागत थेट उपनगरातच येतो. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल खोऱ्याचा अभ्यास करणाऱ्या भूगोलतज्ज्ञ वेई ली यांनी १९९० च्या दशकात अशा उपनगरांसाठी स्वतंत्र संज्ञाच तयार केली. टोरांटोलगतच्या ब्रॅम्प्टनमध्ये २०२१ साली निम्म्याहून किंचित अधिक लोक दक्षिण आशियाई मुळाचे होते, तर मार्कममध्ये चिनी मुळाचे लोक निम्म्याच्या जवळ होते. प्रदेश म्हणून ही विविधता, पण मार्कममधील एखाद्या गल्लीचा अनुभव वेगळा. स्वेच्छेने आपल्या माणसांजवळ राहणे आणि घर नाकारले गेल्यामुळे एका जागी कोंडले जाणे, यांतील फरकही निर्देशांकाला दिसत नाही.

सिंगापूरने हा पातळीचा प्रश्न धोरणानेच सोडवायचे ठरवले. १९८९ पासून तेथील सरकारी गृहप्रकल्पांत, जिथे सुमारे ८० टक्के रहिवासी राहतात, प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलय व भारतीय-इतर या गटांसाठी कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. इमारती आकड्यांत मिश्र राहिल्या. पण चिनी गटाची मर्यादा भरलेल्या इमारतीत एखाद्या मलय किंवा भारतीय कुटुंबाला घर विकायचे झाले की गिऱ्हाइकांची संख्या कमी होते आणि किंमत पडते. अशा अडकलेल्या विक्रेत्यांची घरे स्वतः विकत घेण्याची तरतूद तेथील गृहनिर्माण मंडळाला २०२२ मध्ये करावी लागली.