विषय: इंगलबरो केव्ह सहल – बाबागाड्या आणि व्हीलचेअर (उद्यापर्यंत उत्तर हवं!)

प्रेषक: सहल समिती

मंडळी, कोचचा आकडा उद्या संध्याकाळी कळवायचाय. कोच यॉर्कशरमधल्या क्लॅपहॅम गावात थांबेल, तिथून गुहेपर्यंत दोन किलोमीटर पायी. एक व्हीलचेअर, चार बाबागाड्या, काठीवाले पाच-सहा. प्रश्न एकच: इंगलबरो इस्टेटच्या खासगी जमिनीतला तिकिटाचा रस्ता की क्लॅपडेल लेनचा फुकटचा? जेवणाचं इथे काढू नका, त्याचा धागा वेगळा आहे.

प्रेषक: खजिनदार

फुकटचा. रस्त्याचं तिकीट वेगळं, गुहेचं वेगळं. माणशी वर्गणी ठरली तेव्हा त्यात फक्त गुहेचं धरलं होतं.

प्रेषक: अण्णा

खजिनदारसाहेब, लेनने क्लॅपडेल फार्मपर्यंत सलग चढ आहे. तो एक वेळ जमेल. पण फार्मच्या पुढे गुहेकडे जो उतार आहे, तो आखूड आणि भलताच तीव्र. सुट्या दगडांवर बाबागाडीचं पुढचं चाक अडकलं की मागचा माणूस हँडलवर आडवा. आणि परतताना तोच चढ, दमलेल्या पोरांसकट. इस्टेटच्या वाटेला चढ आहे तो सुरुवातीलाच, गाव सोडल्यावर तळ्यापर्यंत. पुढे तळ्याच्या कडेने रुंद, खडीची, जवळजवळ सपाट वाट. चार पैसे जातील, पण एकही गुडघा जाणार नाही.

प्रेषक: माई

तळ्याकाठी ऱ्होडोडेंड्रॉन फुलले असतील ना? चुनखडीत तर ते झाड जगत नाही म्हणतात.

प्रेषक: अण्णा

माई, तळं चुनखडीवर नाहीच. तळ्याच्या वरच्या टोकापाशी नॉर्थ क्रेव्हन फॉल्ट, म्हणजे खडक सरकून पडलेली भेग, आडवी जाते. तिच्या खालच्या अंगाला चुनखडीहून जुने, सिल्युरियन काळातले खडक. त्यांतून पाणी झिरपत नाही म्हणून बांध घालून तळं करता आलं, आणि माती आम्ल म्हणून ऱ्होडोडेंड्रॉनही माजले. फॉल्ट ओलांडला की चुनखडी सुरू. रेजिनाल्ड फॅरर हा वनस्पतिशास्त्रज्ञ याच इस्टेटवाल्यांच्या घरातला. मे अखेर, जून म्हणजे फुलांचा ऐन हंगाम.

प्रेषक: सहल समिती

फुलं नंतर. व्हीलचेअर?

प्रेषक: प्रथमोपचार

गुहेच्या आतली चिंता सोडा. आत काँक्रीटची वाट, पायऱ्या नाहीत, बाबागाडी जाते. अडचण त्या पहिल्या चढाची. हाताने ढकलायची खुर्ची असेल तर दोन दणकट माणसं आलटूनपालटून हवीत, आणि परत येताना खुर्ची उलटी फिरवून, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड चढाकडे ठेवून, मागे मागे उतरवायची. सरळ उतरवली तर माणूस पुढे घसरतो आणि ओल्या खडीवर ब्रेक धरत नाही. पंक्चर दुरुस्तीचं सामान आणि छोटा पंप सोबत ठेवा.

आत बारा महिने ८-९ अंश, वरून ठिबकतं. सुती साडीवर नुसती शाल चालणार नाही, वर वॉटरप्रूफ हवंच. चपला नकोत. काही ठिकाणी छत खाली येतं, उंच माणसांनी वाकायचं. बाळ पाठीवरच्या कॅरिअरमध्ये असेल तर तिथे काढून पुढे घ्या, नाहीतर वाकतो आपण आणि डोकं आपटतं त्याचं.

प्रेषक: युवा विभाग

आम्हाला गुहेच्या पुढे ट्रो गिलची घळ चढून गेपिंग गिल या विवरापर्यंत जायचंय. स्प्रिंग बँक हॉलिडेच्या आठवड्यात ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लबची विंच (दोर सोडायचं यंत्र) असते, खुर्चीत बसवून खाली सोडतात!

प्रेषक: सहल समिती

विंच आपल्या कार्यक्रमात नाही. जवळजवळ १०० मीटर खोल विवर आहे ते. शिवाय गर्दीच्या दिवशी तासन्‌तास रांग. कोच थांबणार नाही.

प्रेषक: युवा विभाग

मग नुसतं वरून बघून येतो. १८९५ साली फ्रेंच गुहासंशोधक मार्तेल दोरीच्या शिडीने उतरला होता, आम्ही काठावर उभेही राहायचं नाही का?

प्रेषक: अण्णा

काठावर तर नाहीच. गवताचा उतार थेट विवरात जातो, ओला असला की पाय ठरत नाही. ट्रो गिलची घळ वर अरुंद होत जाते, दगड घासून गुळगुळीत झालेत. पाऊस असेल तर तिथूनच मागे फिरा. ज्यांना जायचं त्यांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल२ नकाशा घ्या, वर फोनच्या भरवशावर राहू नका.

आणि समितीने पावसाचं मनावर घ्यावं. गेपिंग गिलमध्ये पडणारं फेल बेक ओढ्याचं पाणी आपल्या गुहेशेजारीच क्लॅपहॅम बेक हेड या झऱ्यातून बाहेर येतं. ते कधीच सिद्ध झालं होतं. माणसं मात्र पाणबुडे होऊन आतून आरपार गेली ती थेट १९८३ साली. वर डोंगरावर धो धो पडलं की गुहेच्या तोंडातूनही लोंढा येतो आणि गुहा बंद. गावात ऊन पाहून फसू नका. निघायच्या सकाळी फोन करूनच कोच हलवा.

प्रेषक: माई

१८३७ च्या आधी तर फार आत जाताच येत नव्हतं ना? थोडं आत गेलं की क्षारांचा बांध होता, मागे पाणी तुंबलेलं.

प्रेषक: अण्णा

हो, तो फॅरर मंडळींनी फोडला. आत जॉकी कॅप म्हणून जो बुटका स्टॅलॅग्माइट (ठिबकत्या पाण्यातल्या क्षारांचा जमिनीवर वाढलेला उंचवटा) आहे, त्याची मापं त्यानंतर लगेच घ्यायला लागले, वाढीचा वेग काढायला. पोरांना सांगा, हात लावायचा नाही. हाताचं तेल बसलं की तिथे थर धरत नाही.

प्रेषक: खजिनदार

इस्टेटच्या तिकिटाचे पैसे कोचमध्येच रोख गोळा करीन. सुटे आणा.

प्रेषक: भोजन समिती

दोन किलोमीटर पातेली कोण उचलणार, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. पुऱ्या-भाजी माणशी डब्यात भरून गावातच वाटू.

प्रेषक: सहल समिती

जेवणाचा धागा वेगळा आहे!! ढकलायला दोन दणकट नावं आज रात्रीपर्यंत हवीत. अजून एकही आलेलं नाही.