सासरे आणि दीर फ्रीमेसन आहेत, हे नेमकं काय असतं?

लग्न होऊन धरमपेठेत आले त्याला दोन वर्षं झाली. मामाजी आणि माझे दीर महिन्यातून एकदा काळा सूट घालून 'लॉज'ला जातात. परवा कपाट आवरताना चपट्या बॅगेत पांढरा चामड्याचा एप्रन दिसला, फिकट निळ्या काठाचा, डांबरगोळ्यांचा वास येणारा. शेजारच्या काकू म्हणतात जादूटोणा आहे. जीव घाबरून गेलाय.

उत्तर १: ताई, घाबरू नका. फ्रीमेसन म्हणजे एका बंधुभावाच्या संघटनेचे सदस्य, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. माझे बाबा तीस वर्षं मेसन होते. मेसन म्हणजे गवंडी. गुण्या (काटकोन तपासायचं साधन), कंपास, एप्रन हे सगळं गवंडीकामातलं. दगड घडवतात तसा माणूस घडवायचा, ही शिकवण. ईश्वरावर श्रद्धा हवी, धर्म कोणताही चालतो. बाबांनी शपथ गीतेवर घेतली. लॉजमध्ये धर्म आणि राजकारणावर वाद घालायचा नाही. गुप्त असतात त्या ओळखीच्या खुणा आणि विधी. पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, लंडनला १७१७ साली झाली, भारताची १९६१ साली. मोतीलाल नेहरूही मेसन होते.

उत्तर २: भारताच्या ग्रँड लॉजमध्ये बायकांना सदस्य करत नाहीत, हे मला आजही खटकतं.

मूळ प्रश्नकर्ती: आज चहा देताना मामाजींना गुण्याचा अर्थ विचारला. "बस बेटा," म्हणाले आणि स्वतःच बॅग घेऊन आले.