धंदा करतो म्हणून घरपट्टी कशीही लावायची का?

पत्र्याची_शेड
काल ग्रुपवर एकानं लिहिलं होतं: "दुकानदार, गोडाऊनवाले वर्षभर कमावतात आणि मार्च आला की घरपट्टीच्या नावानं रडतात. थकबाकीदारांच्या दारात पालिका बँड वाजवते तेच बरोबर." वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी खोकी बनवायची शेड आहे. साडेतीन हजार फूट, वर पत्रा, खाली कोबा, कोपऱ्यात एक संडास. ग्रामपंचायत होती तेव्हा वर्षाला साडेअकरा हजार भरत होतो. गाव महापालिकेत गेलं आणि तीन वर्षं बिलच आलं नाही. मी स्वतः दोनदा जाऊन आकारणी करा म्हणून अर्ज दिला. पोचेचे शिक्के आहेत माझ्याकडे. मग एक दिवस दोघं टेप घेऊन आले, वीस मिनिटांत मोजून गेले आणि मागच्या सगळ्या वर्षांचं मिळून ४ लाख १२ हजारांचं बिल आलं. हातात पडलं ऑक्टोबरमध्ये, वर तारीख एप्रिलची. म्हणजे कागद बघायच्या आधीच महिना २ टक्क्यांनी शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, चढलेली. वर्षाला २४ टक्के! एवढं व्याज तर बँकही लावत नाही.

कर भरायला माझी ना नाही. पण पुढच्या वर्षी किती येणार हे कळल्याशिवाय मी गिऱ्हाईकाला खोक्याचा दर कसा देऊ? ऑर्डर आज घेतो, माल वर्षभर जातो. दर ठरवून बसलेला माणूस मागचे चार लाख कुणाकडून वसूल करणार?

वसुलीत_३१_वर्षं
मी पालिकेच्या मिळकतकर (म्हणजे घरपट्टी) खात्यातून निवृत्त झालो. बँड वाजवणं मलाही कधी पटलं नाही, पण दुसरी बाजूही ऐका. जकात नको म्हणून बंद कुणी पाळले? व्यापाऱ्यांनी. त्याच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्यालाही विरोध. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या सगळ्यांचा एलबीटी माफ झाला. आता पालिकेच्या स्वतःच्या हातात मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे पैसे, एवढंच मोठं उत्पन्न. बाकी सरकार देईल त्याची वाट बघायची. रस्ता, दिवे, अग्निशमन कशातून करायचं?

आणि शेडवाल्यांचं मला सांगू नका. नोंद वखारीची, आत चार मशिनं. मोजायला गेलो की मालक गावाला गेलेला, किल्ली त्याच्याकडे. एका ठिकाणी माझ्यावर कुत्रं सोडलं होतं. पोटरीवर खूण आहे अजून.

पत्र्याची_शेड
साहेब, कुत्रं मी सोडलं नव्हतं. मी दोन अर्ज दिलेत. त्याचं उत्तर द्या की.

गाळा_नं_७
तुम्ही मालक लोक निदान भांडू तरी शकता. मी भाडेकरू आहे. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, १४० फूट. जीएसटी नंबर आणि मुद्रा लोनसाठी नोंदणीकृत करार लागला, म्हणून मालकाच्या मागे लागून करून घेतला. तो करार बघून पालिकेनं गाळ्याचा शेरा 'स्ववापर' बदलून 'भाड्याने' केला, करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर मोजतात ती) प्रत्यक्ष भाड्यावर धरलं आणि बिल जवळपास तिप्पट झालं. मालक म्हणतो, तुझ्यामुळे वाढलं, तू भर नाहीतर खाली कर. माझं ६० हजार डिपॉझिट त्याच्याकडे अडकलंय. कागद सरळ ठेवला ही माझी चूक?

चार_गाळ्यांचा_मालक
ताई, मालकाचंही गणित बघा. भाडं ९ हजार. त्यातून टॅक्स, सोसायटी, प्राप्तिकर गेल्यावर हातात काय राहतं? म्हणूनच आम्ही भाडं थोडं कागदावर, थोडं रोखीत घेतो. सगळेच घेतात.

गाळा_नं_७
"सगळेच घेतात" म्हणे! रोखीत दिलेल्या भाड्याचा खर्च मला दाखवता येत नाही. बँक विचारते, एवढं कमी भाडं तर धंदा केवढा? तुम्ही टॅक्स वाचवता आणि माझं कर्ज मंजूर होत नाही. वर करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं, कलम ५५ नं, मालकावरच टाकलीय. खर्च मात्र मी केला.

चार_गाळ्यांचा_मालक
मग स्वतःचा गाळा घ्या, कुणी अडवलंय?

गाळा_नं_७
घेतला असता तर इथे तुमचं बोलणं ऐकायला आले नसते. आई आजारी असताना दुकान आठ दिवस बंद होतं, तरी भाडं एक तारखेलाच दिलं. आणि वर हे ऐकायचं.

वसुलीत_३१_वर्षं
गाळेमालक, या बाबतीत ताई बरोबर आहेत. रोखीचं भाडं म्हणजे उघड चोरी आहे. तुमच्यासारख्यांमुळेच आमचा माणूस शेजारचा खरा करार धरून सगळ्या ओळीचा दर वर नेतो. भोगतो प्रामाणिक माणूस.

चार_गाळ्यांचा_मालक
चोर म्हणायचं काम नाही. आधी खात्यातले हिशेब काढा, मग बोला.

भोसरीकर
भाडेकरू-मालकाचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या की राव. आमच्या पिंपरी-चिंचवडला ४ जानेवारी २००८ नंतरच्या विनापरवाना बांधकामांवर शास्तीकर लागला, मूळ कराच्या दुप्पट, म्हणजे एकूण तिप्पट. पंधरा वर्षं प्रत्येक निवडणुकीत 'माफ करू' ऐकलं आणि २०२३ च्या मार्चमध्ये खरंच माफ झाला. माझ्या वडिलांनी चुलत्यांकडून उसने घेऊन वेळेवर भरला होता, शेजाऱ्यानं एक रुपया भरला नाही. आज तो मला 'तुझे वडील भोळे' म्हणतो. थकबाकीदारांना सूट देणारी अभय योजना आली की माझ्या पोटात कालवतं. अशानं पुढच्या वर्षी वेळेवर कोण भरेल?

दादरचा_सीए
मुंबईतही निश्चिती नाही. २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर आला. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल ते धरून आजच कर लावायचे नियम होते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ते रद्दबातल ठरवले. बारा वर्षं गेली! मोठ्या मिळकतवाल्यांना वकील परवडतात. शेडवाल्याला अपिलात जायचं तर वादातली रक्कम आधी भरावी लागते. ती असती तर तो भांडला कशाला असता?

वसुलीत_३१_वर्षं
हे मान्य करावं लागेल. अपिलाची अट छोट्यांना जाचक आहे. आणि शेडवाले, तुमच्या दोन अर्जांचं उत्तर मी टाळलं, तेही खरं. अर्ज देऊन तीन वर्षं मोजणी झाली नसेल तर तो खात्याचाच दोष. पण मूळ कर द्यावाच लागेल, तेवढी वर्षं शेड वापरलीत.

पत्र्याची_शेड
मूळ कर देतो म्हणून पहिल्यापासून सांगतोय! शास्तीचं बोला.

वसुलीत_३१_वर्षं
बिल कोणत्या तारखेला बजावलं, त्याची नोंद खात्यात असते. तुमची किंवा कामगाराची सही असेल. त्या नोंदीची नक्कल माहिती अधिकारात मागा. ऑक्टोबरची सही निघाली तर एप्रिलपासूनची शास्ती कमी करा म्हणून लेखी अर्ज द्या, सोबत दोन्ही पोचा जोडा. मूळ रक्कम 'हरकत राखून' असं लिहून भरा म्हणजे पुढची शास्ती थांबेल. आणि आकारणी कारखान्याच्या दरानं झालीय की गोडाऊनच्या, ते मिळकतीच्या आकारणीच्या उताऱ्यावर बघा.

पत्र्याची_शेड
उतारा आत्ता काढून बघितला. वापर 'बिगरनिवासी – दुकान' लिहिलाय. माझ्याकडे दुकान नाही, काउंटरसुद्धा नाही. सोमवारी अर्ज घेऊन जातोय.

गाळा_नं_७
दादा, अर्ज टाइप करायचा असेल तर पाठवा. पैसे घेणार नाही.