प्रति: १५ मिमी की २८ मिमी?
एकाने विचारलंय की टेबलावरच्या युद्धखेळासाठी परग्रहावरच्या सैनिकांचे छोटे पुतळे १५ मिमी उंचीचे घ्यावेत की २८चे. पलटणीच्या पलटणी लढवायच्या असतील तर १५च घ्या; चेहरे रंगवायची हौस असेल तर २८.

पण आमच्या रत्नागिरीत खरा प्रश्न हवेचा. जुलैत रंगवलेल्या पुतळ्यांवर स्प्रेचं मॅट (बिनचमकीचं) वार्निश मारलं की दमटपणामुळे वर पांढुरकी साय धरते. माझी अख्खी तुकडी अशी गेली, फार जीव जळला. पावसाळ्यात प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि वार्निश दोन्ही ब्रशनेच, पातळ थरात.

रंगांसाठी ओहोटीला भाट्याच्या खाडीवर जा आणि कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, पाठ नीट बघा: काळपट हिरवी, मध्येच तपकिरी झाक. मी चिलखत तसंच रंगवतो आणि सांध्यांत तपकिरी वॉश (अगदी पातळ केलेला रंग) सोडतो. कवच जिवंत दिसतं! पुतळ्याच्या तळाला फेविकॉल लावून जांभ्याची चाळलेली पूड भुरभुरवा.