पहिली क्रूझ मुंबईहूनच करा, सिंगापूरची घाई नको

भरती_ओहोटी (धागाकर्ता)

दिवाळी आटोपली की सोसायटीच्या ग्रुपवर क्रूझच्या जाहिराती फिरायला लागतात आणि पाठोपाठ 'तुम्ही जाऊन आलात ना, कशी असते हो?' असे फोन. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो, म्हणजे भांडायलाही सोपं.

माझं म्हणणं असं की पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची सफर करावी. सिंगापूर, अलास्का, भूमध्य समुद्र वगैरे नंतर. क्रूझ आपल्याला मानवते की नाही हे व्हिडिओ बघून कळत नाही. बोट लागते का, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये झोप येते का, सारखं गर्दीत वावरणं सोसतं का, हे दीड दिवसात समजतं. नाही मानवलं तर निदान विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च तरी अंगावर पडत नाही.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' 2021 च्या सप्टेंबरपासून जाते. जहाज 1990 सालचं, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', सुमारे 48 हजार टनांचं. तुलनेला सांगतो, 2024 साली आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळपास अडीच लाख टनांचं आहे. तेव्हा तसल्या अजस्र वॉटरपार्कची अपेक्षा इथे ठेवू नका. पण लहान जहाजात आईबाबा हरवत नाहीत, हा फायदा मला मोठा वाटतो.

आता पैशाचं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. एकटं जायचं तर बऱ्याचदा दोघांच्या भाड्याच्या जवळपास मोजावे लागतात. बंदराचे आकार, कर आणि ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेची टीप, हे बुकिंगच्या शेवटच्या पानावर उगवतं. 'सगळं आलं' यात बुफे, मुख्य डायनिंग हॉल आणि बहुतेक शो येतात. दारू, खास रेस्टॉरंटं, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली हे वेगळं. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचं जे कार्ड देतात त्यावरच खर्च चढत जातो आणि शेवटच्या दिवशी एकदम समोर येतो. मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घ्या, नाहीतर गेम्स आर्केड तुम्हाला धुऊन काढेल.

सामानाचं कोणी सांगत नाही. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. परतीच्या आदल्या रात्री याच्या उलट, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांनी उत्साहात सगळंच भरून दिलं आणि सकाळी बर्म्युडा आणि बंडीवर नाश्त्याला आले. काकू चार टेबलं सोडून बसल्या होत्या.

इस्त्री, किटली, घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा चालून जातो.

मर्लायनचा_शेजारी

सपशेल असहमत. दोन रात्रींच्या सफरीत पहिली दुपार चढण्यात आणि शेवटची सकाळ उतरण्यात जाते, हातात राहतो मधला एक दिवस. त्यातही वीकेंडला ऑफिसचे ग्रुप आणि बॅचलर पार्ट्या. ते बघून लोक म्हणतात 'क्रूझ म्हणजे नुसता डीजे' आणि आयुष्यभर परत फिरकत नाहीत.

आणि बोट लागण्याचा तुमचा मुद्दा तर तुमच्यावरच उलटतो. सिंगापूरहून पेनांगकडे जाणारी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मोठ्या लाटा उठायला जागाच नाही. 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज'सारखं पावणेदोन लाख टनांच्या घरातलं जहाज तिथे हलतंय हे ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं तरच कळतं. ज्यांना भीती वाटते त्यांनी उलट इथेच सुरुवात करावी.

केबिन घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. वरच्या मजल्यावर टोकाची घेतली की झोका जास्त. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला निवडा. डोक्यावर स्वयंपाकघर आलं तर पहाटेपासून ट्रॉल्या घरंगळतात.

व्हिसाचं मात्र बघा. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, त्यामुळे व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा. आणि ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशी सकाळच्या विमानानं येण्याचं धाडस करू नका. विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही.

देवगडचा_आबा

दोघांचंही वाचलं. अरबी समुद्राला उगाच बदनाम करू नका. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जाण्यात आमचं बालपण गेलं. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत बोट यायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं. पावसाळ्यात सेवा बंद. एवढं साधं गणित होतं.

आजही तेच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शहाणा असतो. मे अर्धा सरला की फुगायला लागतो. 1 जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते ती काय उगाच? 2023 च्या जूनमध्ये 'एम्प्रेस'सुद्धा मुंबई सोडून चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होती. तेव्हा मुंबईहून जायचं तर थंडीत जा. मुलांच्या मेच्या सुट्टीत जायचं असलं तर सिंगापूरवाल्यांचं ऐका, मला वाईट वाटणार नाही.

बोट लागणाऱ्यांनी गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. डॉक्टरला विचारून निघण्याआधी घ्यायची. आलेपाक खिशात ठेवा, उपाशी राहू नका, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. केबिनमध्ये मोबाईलवर डोळे लावून पडलात की मेलात.

भरती_ओहोटी

आबा, थंडीचं शंभर टक्के मान्य, मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. मर्लायन, तुमचं मलाक्काचं बरोबर आहे, पण हिशोब सांगा ना. ग्रॅच्युइटी माणशी रोज 18 डॉलर धरली तर चौघांच्या चार रात्रींचे 288 डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास. ही फक्त टीप! 'आवडतंय का बघू' म्हणून एवढे घालवायचे?

मर्लायनचा_शेजारी

मग ती टीप गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन काढून टाकता येते की. बऱ्याच जहाजांवर ती ऐच्छिक असते.

मडगावची_माई

थांबा जरा. माझा भाऊ आणि नवरा दोघेही जहाजावर. आमच्या गोव्यातल्या सासष्टीत घरटी एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडेल, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या ताटातला आहे.

टीप काढून टाकता येते म्हणून काढायची हे मला पटत नाही. तुमची खोली आवरणारा मुलगा सहा-आठ महिन्यांच्या करारावर असतो आणि करार संपेपर्यंत त्याला रविवार नसतो. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती सांगितली आहे. म्हणजे बाकी काय उरतं ते तुम्हीच मोजा. जहाजं नोंदवलेली असतात बहामा नाहीतर पनामात, तिथले कायदे लागू. पगारातला मोठा भाग या टिपेतूनच निघतो.

हां, मालकांनी सरळ पगार द्यावा आणि भाड्यातच धरावं, हे म्हणाल तर मी तुमच्या बाजूला. पण ते होईपर्यंत काउंटरवर जाऊन तुम्ही मालकाचे नाही, त्या पोराचे पैसे कापता.

आणि एक. सुटण्याआधी जी सुरक्षा कवायत असते तिला आपली माणसं टाळाटाळ करतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, मग कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं. हल्ली व्हिडिओ बघून जागेवर हजेरी लावली तरी चालतं बऱ्याच जहाजांवर. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कोर्डिया' खडकाला घासून कलंडलं, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. नवरा सांगतो, भोंगा वाजत असताना लोक त्यालाच बिअर आणायला सांगतात.

अनवाणी

सगळे 'कुठून जावं' यावर भांडताय. जावंच का, हे कोणी विचारत नाही.

गोव्याला मुरगावला जहाज लागणार, तिथून टॅक्सीचे भाव ऐकून तुम्ही अर्धा तास घासाघीस करणार, एक चर्च, एक बीच, आणि संध्याकाळच्या आत परत. गोवा बघायचा तर कोकणकन्या आहे. शिवाय कंपनीच्या अटी वाचा. हवा खराब म्हणून एखादं बंदर गाळलं तर सहसा फक्त बंदराचे आकार परत मिळतात. लक्षद्वीपसाठी पैसे भरून तुम्ही समुद्र बघून येऊ शकता.

पर्यावरणाचं तर बोलायलाच नको. आंतरराष्ट्रीय नियमानुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, प्रक्रिया न केलेलं सांडपाणीसुद्धा सोडता येतं. 2016 मध्ये प्रिन्सेस क्रूझेसला तेलकट पाणी चोरून सोडल्याबद्दल अमेरिकेत 4 कोटी डॉलर दंड झाला. इटलीनं 2021 मध्ये मोठी जहाजं व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून बंद केली. जिथे जहाजं येतात त्या गावांनाच ती नकोशी झालीत.

भरती_ओहोटी

अनवाणी, दंडाचं आणि व्हेनिसचं खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण कोकणकन्येची तुलना चुकीची. क्रूझला माणूस गोवा बघायला जातच नाही, जहाजावर राहायला जातो. बंदरं म्हणजे वरचं लोणचं, ताट जहाजावरच आहे. हे ज्याला मान्य नाही त्यानं जाऊ नये, आणि ते कळावं म्हणूनच तर मी दोन रात्रींचं म्हणतोय!

अनवाणी

म्हणजे पन्नास हजार देऊन हॉटेलात बसायचं. कळलं.

सिएटलची_सून

माझा मुद्दा वेगळा. इथे अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना लोक हमखास अलास्काला नेतात, आणि न्यावंच. पण कागदपत्रं आधी बघा. 1886 सालच्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिएटलहून निघून सिएटलला परत यायचं तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून जहाज कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतं, बऱ्याचदा संध्याकाळी चार-पाच तासच. भारतीय पासपोर्टला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. 'आम्ही उतरणारच नाही' हे चढताना काउंटरवर ऐकून घेत नाहीत. आमच्या ओळखीतलं एक जोडपं याच कारणानं टर्मिनलवरून घरी परतलं, बुकिंग करून देणाऱ्या एजंटनं चकार शब्द काढला नव्हता.

अलास्कातला ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांचा उपसागर, बघायचा असेल तर तो मार्गात आहे ना हे बुकिंग करतानाच तपासा, तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. आणि फोन सगळ्यांनीच एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि तुमचा रोमिंग पॅक त्याला लागू नसतो.

धागाकर्त्यांच्या मताबद्दल: आईबाबा आयुष्यात एकदाच क्रूझला जाणार असतील तर 'आधी छोटी, मग मोठी' हा सल्ला कशाला? मोठीलाच न्या.

ओंजळ

वाचनखूण साठवली. एक नेमकी शंका. आई 74 वर्षांची, गुडघे दुखतात, लांब चालायला व्हीलचेअर लागते. फेब्रुवारीत जायचंय. मुंबई-लक्षद्वीप जमेल का?

देवगडचा_आबा

लक्षद्वीप नको. मोठं जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं. दोन खलाशी दंडाला धरतात, बोट लाटेबरोबर वर आली की ते 'आता' म्हणतात आणि त्या क्षणी पाय टाकायचा. चुकला की पुढच्या लाटेची वाट. चांगल्या गुडघ्यांच्या माणसाचाही पाय अडखळतो, आणि व्हीलचेअर असली तर बरेचदा उतरवायला नकारच देतात. आईंनी जहाजावरच बसायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर मुंबई-गोवा घ्या, तिथे धक्क्याला लागतं.

मर्लायनचा_शेजारी

किंवा पेनांग. जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्यालाच लागतं, बाहेर पडलं की जॉर्ज टाउन शहरच. फुकेत टाळा, तिथेही बऱ्याचदा छोट्या बोटीनं उतरवतात. व्हीलचेअर जाईल अशा रुंद दाराची केबिन मागा, त्या मोजक्याच असतात, लवकर जातात.

ओंजळ

आईला विचारलं. म्हणाली, गोवा चारदा झालाय, पेनांगच बघू. धागाकर्ते, रागावू नका.

भरती_ओहोटी

रागावतो कशाला. फक्त प्रवास विमा काढताना क्रूझ त्यात धरली आहे का आणि आईंचा जुना आजार लिहिलाय का ते बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल डॉलरमध्ये लावतो.